व्हिएतनामला कामासाठी जाताय? तिकीट सगळ्यात शेवटी काढा

कामासाठी व्हिएतनामला जाणाऱ्यांचा घोळ मीटिंगमध्ये क्वचितच होतो. तो आधीच्या महिन्याभरात होऊन बसलेला असतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून आधी तिकीट, मग व्हिसाचा फॉर्म आणि सगळ्यात शेवटी तिकडच्या पार्टीला मेसेज, "आम्ही येतोय." तिकडून उत्तर येतं, "त्या आठवड्यात फॅक्टरी बंद आहे." हा क्रम नेमका उलटा करायचा आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिलेत. मधला एखादा गाळलात तर पुढचा अडतो, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय.

साधारण सहा आठवडे हाताशी धरून चला. चार आठवड्यांतही जमतं, फक्त मग चुकायला जागा उरत नाही.

## टप्पा १: आधी त्यांचं कॅलेंडर बघा

व्हिएतनाममध्ये सगळ्यात मोठी सुट्टी तेतची, म्हणजे चांद्र नववर्षाची. ती दरवर्षी सरकते. २०२६ मध्ये ती १७ फेब्रुवारीला होती, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. सरकारी सुट्टी आठवडाभराची असली तरी कामाच्या दृष्टीने पुढचे-मागचे दिवसही गेलेच म्हणा. आधीच्या दहा दिवसांत सगळे माल काढण्याच्या गडबडीत असतात. नंतरच्या आठवड्यात अर्धे कामगार गावाहून परतलेले नसतात. त्या काळात गेलात तर चहा मिळेल, निर्णय मिळणार नाही.

३० एप्रिल आणि १ मे या सुट्ट्या लागून येतात. २ सप्टेंबरला राष्ट्रीय दिन असतो, त्याला जोडून आणखी एक दिवस. चांद्र तिसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी हुंग राजांच्या स्मरणाची सुट्टी असते, ती साधारण एप्रिलमध्ये येते. सुट्टी शनिवार-रविवारला चिकटली की कोणी ऑफिसात सापडत नाही.

हवामान बघताना "व्हिएतनामचं हवामान" असं शोधू नका. देश उभा, लांबट आहे. हनोई आणि हो ची मिन्ह सिटी यांच्यात विमानाने दोन तासांचं अंतर आहे. जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो, त्याच दिवशी हो ची मिन्ह सिटीत घाम येत असतो. मध्य भागात, म्हणजे डा नांग-ह्युएकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं आणि पूर येतात. दक्षिणेत मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो, पण तो आपल्या झडीसारखा नसतो. बहुतेक वेळा दुपारी तास-दोन तास कोसळतो आणि उघडतो.

तपासा: दोन पर्यायी आठवडे समोरच्या कंपनीला पाठवा आणि त्यांच्याकडून लेखी होकार घ्या. "एनी टाइम वेलकम" हा होकार नव्हे.

## टप्पा २: जिला भेटायला जाताय ती कंपनी खरी आहे का?

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, कारण ई-मेलवर सगळं छान चाललेलं असतं.

व्हिएतनाममधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला दहा आकडी एंटरप्राइज कोड असतो आणि तोच तिचा टॅक्स कोडही असतो. हा नंबर सरळ मागून घ्या. खरी कंपनी पाच मिनिटांत देते, कारण तो त्यांच्या लेटरहेडवर छापलेलाच असतो. सरकारच्या राष्ट्रीय व्यवसाय नोंदणी पोर्टलवर हा कोड टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, कंपनी चालू आहे की बंद आणि तिचा कायदेशीर प्रतिनिधी कोण, एवढं कळतं.

त्यातला शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. तिथे करारावर सही करण्याचा अधिकार या कायदेशीर प्रतिनिधीला असतो, किंवा त्याने लेखी अधिकारपत्र दिलेल्या माणसाला. तुमच्याशी सहा महिने गोड बोलणारा सेल्स मॅनेजर तो नसण्याचीच शक्यता जास्त. मीटिंगला कोण येणार हे विचारताना, सही कोण करणार हेही तेव्हाच विचारा.

पत्त्याबाबत नवी भानगड आहे. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केली. ६३ प्रांत आणि शहरांची ३४ झाली आणि जिल्हा हा स्तर काढून टाकला. बिन्ह यूंग, जिथे आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची कामं असतात, ते आता हो ची मिन्ह सिटीत आलं. बाक झांग बाक निन्हमध्ये गेलं, हाय यूंग हाय फोंगमध्ये. पण व्हिजिटिंग कार्डं, वेबसाइट आणि ड्रायव्हरची जीभ अजून जुन्याच नावांवर आहे. त्यामुळे जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते मागा, शिवाय नकाशावरचं लोकेशन पिन करून मागा.

इशारा: पत्ता "हो ची मिन्ह सिटी" असा आहे म्हणून फॅक्टरी शहरात आहे असं समजू नका. ती दीड-दोन तासांवर असू शकते.

## टप्पा ३: पासपोर्ट आणि ई-व्हिसा

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने हवी. कोरी पानंही बघून घ्या. नूतनीकरण करायचं असेल तर व्हिसाच्या आधी करा, कारण व्हिसा पासपोर्ट नंबरला बांधलेला असतो.

छोट्या कामाच्या भेटीसाठी ई-व्हिसा पुरतो. ऑगस्ट २०२३ पासून तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. एका प्रवेशाची फी २५ डॉलर, अनेक प्रवेशांची ५०. फी परत मिळत नाही. अधिकृत साइटचा पत्ता "गव्ह डॉट व्हीएन"ने संपतो. शोधलं की आधी वर येतात त्या एजंटांच्या साइट. त्या हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. काही काम करूनही देतात, पण तुमच्या पासपोर्टचा फोटो कुठे जातो ते तुम्हाला कळत नाही.

फॉर्म भरताना हा क्रम ठेवा:

१. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्कॅन. खालच्या दोन कोडच्या ओळी पूर्ण दिसायला हव्यात आणि त्यावर चकाकी नको. मोबाईलने काढणार असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून.

२. स्वतःचा फोटो, समोर बघून, चष्मा काढून.

३. नाव. मराठी माणूस इथेच चुकतो. आपण सगळीकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव छापलं असेल तर ते "गिव्हन नेम"मध्ये. फॉर्ममध्ये ते अक्षरन् अक्षर तसंच उतरवा. आधार कार्डावर "सौ. संगीता" किंवा वेगळं स्पेलिंग असलं तरी त्याच्याशी व्हिसाला देणंघेणं नाही.

४. पासपोर्ट नंबर. आपला नंबर एक अक्षर आणि सात आकडे असा असतो. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल होते. टाइप करून झाल्यावर उलटीकडून वाचून बघा.

५. तारखा. दिवस, महिना, वर्ष. तुमची भेट ११ ते १५ तारखेची असली तरी व्हिसा दोन्हीकडे थोडी मोकळीक ठेवून मागा. फी तीच राहते. व्हिसावरच्या पहिल्या तारखेच्या आधी एक तासही आत जाता येत नाही. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांमुळे तारखेचा गोंधळ होतो, तो इथेच टाळा.

६. प्रवेशाचं ठिकाण. हनोईचा नोई बाई, हो ची मिन्ह सिटीचा तान सन न्यात, की डा नांग. जे निवडाल तिथूनच आत जायचं, असं धरून चाला.

७. कामाचा हेतू आणि तिथल्या कंपनीचं नाव-पत्ता. मीटिंगला जाताय तर पर्यटन लिहू नका. पत्ता नव्या रचनेप्रमाणे.

अधिकृत मुदत तीन कामकाजाच्या दिवसांची आहे. प्रत्यक्षात आठवडा धरा, आणि सुट्ट्या आल्या तर त्या त्यात मोजू नका. अर्ज क्रमांक, ई-मेल आणि जन्मतारीख टाकून स्थिती बघता येते. ई-मेलची वाट बघत बसू नका, तो बऱ्याचदा स्पॅममध्ये पडलेला असतो.

व्हिसा आला की पासपोर्ट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. एका अक्षराची चूक असली तरी, वेळ असेल तर, मी सरळ नवा अर्ज करतो. दुरुस्तीसाठी ई-मेल करत बसण्यापेक्षा २५ डॉलर स्वस्त पडतात. कारण ही चूक व्हिएतनाममध्ये पकडली जात नाही. ती आपल्याच विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवर पकडली जाते, आणि मग विमानात बसूच देत नाहीत.

इशारा: मध्ये कंबोडिया किंवा थायलंडला जाऊन पुन्हा व्हिएतनाममधून परतणार असाल, तर एका प्रवेशाचा व्हिसा बाहेर पडताच संपतो. अनेक प्रवेशांचा घ्या.

तपासा: व्हिसाच्या दोन छापील प्रती. एक पासपोर्टसोबत, एक बॅगेत. फोनवरची पीडीएफ ही तिसरी.

## टप्पा ४: आता तिकीट

आता तारखा पक्क्या आहेत, कंपनी तपासलेली आहे, व्हिसा हातात आहे. तिकिटाला थोडे जास्त पैसे पडतील. पडू द्या.

आपल्याकडून जाणारी बरीच विमानं रात्रीची असतात आणि सकाळी उतरवतात. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. म्हणजे तिथे सकाळी सात वाजता तुमच्या शरीराचे साडेपाच वाजलेले असतात, तेही जागरण करून. हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते. अशा दिवशी सकाळी दहाची मीटिंग ठेवणारा माणूस स्वतःच स्वतःचा भाव पाडून घेतो. पहिला दिवस मोकळा ठेवा, किंवा आदल्या रात्रीपासूनची खोली बुक करा.

एका दिवसात एकच फॅक्टरी. फार तर दोन, त्याही एकाच औद्योगिक वसाहतीत असतील तर. हो ची मिन्ह सिटीतून जुन्या बिन्ह यूंगकडच्या वसाहती नकाशावर तीस किलोमीटर दिसतात, आणि ट्रक आणि मोटरसायकलींच्या गर्दीत सव्वा-दीड तास घेतात.

हनोई आणि हो ची मिन्ह सिटी दोन्ही करायचं असेल तर एका शहरात उतरून दुसऱ्यातून परता. देशांतर्गत स्वस्त विमानांत हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते आणि ते खरोखर वजन करतात. तान सन न्यातला एप्रिल २०२५ मध्ये देशांतर्गत उड्डाणांसाठी तिसरं टर्मिनल सुरू झालं. आंतरराष्ट्रीय विमानाने उतरून पुढचं देशांतर्गत विमान पकडणार असाल, तर कुठलं टर्मिनल ते तिकिटावर बघा आणि मध्ये किमान तीन तास ठेवा.

## टप्पा ५: पैसे

व्हिएतनामचं चलन डोंग. एका रुपयाला साधारण ३०० डोंग. हॉटेलचं बिल लाखात येतं, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांची छाती दडपते. हिशेबाची सोपी युक्ती: तीन शून्यं उडवा, उरलेल्याला तीनने गुणा आणि वर थोडं घाला. ५०,००० डोंग म्हणजे ५० गुणिले ३, दीडशेच्या थोडं वर. बोलताना तेही ती तीन शून्यं उडवतातच. मेनूवर "६५ के" लिहिलेलं असतं.

खरी गोम नोटांत आहे. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळी. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. एक सत्तर रुपयांच्या आतबाहेरची, दुसरी सुमारे १,७०० ची. पहिल्या भेटीत रात्री टॅक्सीच्या अंधुक दिव्यात मी वीस हजार समजून पाच लाख दिले. ड्रायव्हरने "थँक यू" म्हटलं ते जरा जास्तच आनंदाने, एवढंच लक्षात आलं. हॉटेलात पाकीट मोजताना उजेड पडला. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवतच नाही. त्या वेगळ्या पाउचमध्ये, आणि पाकिटात फक्त सुट्या. तुम्हीही तेच करा.

घरून निघण्याआधी:

- बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तो मुळात बंद असतो. एटीएम आणि दुकानातला वापर हे दोन वेगळे खटके असतात, दोन्ही बघा.
- एकाच बँकेच्या दोन कार्डांचा उपयोग नाही. दोन वेगवेगळ्या बँकांची हवीत.
- परदेशी चलन नोटांच्या रूपात एका भेटीला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं. बाकीचं फॉरेक्स कार्डावर. कार्डावर डॉलर भरा. डोंगचं वेगळं खातं सहसा नसतं.
- डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या घ्या. शाईचा ठिपका असलेली शंभराची नोट तिथे परत हातात ठेवतात.

तिथे पोहोचल्यावर विमानतळावर थोडेच बदला आणि बाकीचे बँकेत. एटीएम एका वेळी दोन ते पाच मिलियन डोंगच्या आसपासच देतं. पैसे काढताना यंत्र विचारतं, "रुपयांत रूपांतर करून हवे का?" नको म्हणा, डोंगमध्येच घ्या. रूपांतराचा दर त्यांचा असतो आणि तो तुमच्या फायद्याचा कधीच नसतो.

छोट्या दुकानांत क्यूआर कोड दिसतील. ते तिथल्या बँक खात्यांसाठी आहेत, त्यामुळे रोख लागतेच.

इशारा: ५,००० डॉलरपेक्षा जास्त परदेशी चलन किंवा दीड कोटी डोंगपेक्षा जास्त रोख असेल तर आत येताना आणि बाहेर जातानाही जाहीर करावी लागते. दीड कोटी ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते पन्नास हजार रुपयांच्या घरात आहे. उरलेले डोंग परतण्याआधी तिथेच मोडा. आपल्याकडे ते घ्यायला कोणी उत्सुक नसतं.

## टप्पा ६: फोन आणि ॲप्स, तेही घरूनच

व्हिएतनामचं रोजचं बोलणं झालो या ॲपवर चालतं. व्हॉट्सॲप चालू असतं, पण तिथला माणूस ते दिवसातून एकदा उघडतो. झालोवर खातं घरी असतानाच उघडा, कारण पडताळणीचा कोड आपल्या नंबरवर येतो. गाडी बोलवायला ग्रॅब हे ॲप. तेही आधीच उतरवून, कार्ड जोडायचा प्रयत्न करून बघा. नाही जोडलं गेलं तरी रोख देण्याची सोय आहे.

डेटासाठी ई-सिम सोपं पडतं. भारतीय सिम मात्र काढून ठेवू नका. त्यावर रोमिंग चालू ठेवा आणि डेटा बंद करा. कारण कार्ड वापरताना येणारा ओटीपी तिथेच येणार आहे, आणि रोमिंग बंद असेल तर तो येत नाही. हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून घरी फोन लावायचा आणि बँकेशी बोला म्हणून सांगायचं, ही वेळ पुष्कळांवर येते.

दोन पत्ते, हॉटेलचा आणि फॅक्टरीचा, व्हिएतनामी लिपीतल्या खुणांसकट फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. त्या खुणांशिवाय शब्दाचा अर्थच बदलतो, आणि आपण उच्चार करून दाखवायचा प्रयत्न केला तर ड्रायव्हर नुसता हसतो.

वीज २२० व्होल्ट, आपल्यासारखीच. चपट्या दोन पट्ट्यांचे आणि गोल दोन पिनांचे प्लग चालतात. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो. लॅपटॉपचा जाड तीन पिनांचा बसत नाही. अडॅप्टर घ्या.

## टप्पा ७: सॅम्पल

हातात मावतील एवढी, विक्रीची किंमत नसलेली सॅम्पलं नेताना कंपनीच्या लेटरहेडवर यादी करा: काय, किती नग, अंदाजे मूल्य, "फक्त नमुना, विक्रीसाठी नाही". पन्नास नग "सॅम्पल" म्हणून नेलेत तर कस्टमवाले हसणार नाहीत.

महागडं मोजमापाचं यंत्र किंवा प्रदर्शनाचं सामान नेऊन परत आणायचं असेल तर दोन मार्ग. एक, प्रदर्शनाच्या सामानासाठी एटीए कार्नेट, म्हणजे सामान शुल्क न भरता तात्पुरतं नेऊन परत आणण्याचं कागदपत्र. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि त्याला वेळ लागतो. दुसरा, एखादंच यंत्र असेल तर निघताना आपल्या विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे परतताना त्यावर शुल्काचा प्रश्न येत नाही. तिथल्या प्रवेशाचे नियम मात्र समोरच्या कंपनीच्या क्लिअरिंग एजंटला आधी विचारा.

प्रवास विमा घ्या, आणि घेतलात की मोटरसायकल विसरा. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचे परवाने मानतो. म्हणजे तिथे तुम्ही बिनपरवान्याचे ठरता, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

## टप्पा ८: मीटिंग

नावं. व्हिएतनामी नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं असतं: आधी आडनाव, मग मधलं, शेवटी स्वतःचं. पण हाक आडनावाने मारत नाहीत. समजा नाव "गुयेन वान मिन्ह" आहे, तर ते "मिस्टर मिन्ह". आपल्या "कुलकर्णी साहेब"च्या सवयीने "मिस्टर गुयेन" म्हणालात तर खोलीतले चारजण मान वर करतील. आपसात ते दादा-ताईच्या अर्थाने आन्ह आणि ची लावून बोलतात. ओळख झाल्यावर तुम्ही "आन्ह मिन्ह" म्हटलंत तर चेहरा खुलतो, पण पहिल्या भेटीत मिस्टर बरं.

कार्ड. दोन्ही हातांनी द्या, दोन्ही हातांनी घ्या, आधी वयाने-हुद्द्याने मोठ्या माणसाला. घेतलेलं कार्ड वाचा आणि टेबलावर ठेवा. मागच्या खिशात नको.

वेळ. कामाचा दिवस लवकर, बहुधा आठला सुरू होतो. साडेअकरा ते दीड या वेळेत फोन करू नका. जेवण झालं की ऑफिसातले दिवे मालवतात, टेबलाखालून घडीच्या चटया निघतात आणि अकाउंट्सपासून डिझाइनपर्यंत सगळे आडवे होतात. पहिल्यांदा ते बघून मला वाटलं, वीज गेली. साडेअकराला सुरू होणारी मीटिंग म्हणजे वीस मिनिटांची मीटिंग, हे गणित पक्कं ठेवा.

"हो". समोरचा माणूस "येस, येस" म्हणतो तेव्हा तो बऱ्याचदा आपल्या "हं, हं" सारखं म्हणत असतो: ऐकतोय, पुढे बोला. त्याचा अर्थ "मान्य" असा लावून भारतात परतलेले कित्येकजण महिनाभराने डोकं धरून बसतात. तोंडावर नाही म्हणणं तिथे टाळतात. म्हणून हो-नाहीचा प्रश्नच विचारू नका. "पंधरा तारखेपर्यंत माल देऊ शकाल?" ऐवजी "माल कोणत्या तारखेला तयार होईल, आणि त्याआधी काय-काय व्हायला हवं?" असं विचारा. उत्तर लांबलं, कोणी छताकडे बघितलं, तर ते नाही आहे.

दुभाषी. स्वतःचा न्या. पुरवठादाराच्या ऑफिसातल्या मुलीने केलेलं भाषांतर प्रामाणिक असलं तरी ती पगार त्यांच्याकडून घेते.

आकडे. इथे पैसा जातो. व्हिएतनाममध्ये हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम लावतात, आपल्या बरोबर उलट. कोटेशनवर टनाला "१.२५० डॉलर" लिहिलं असेल तर ते एक हजार दोनशे पन्नास, सव्वा नव्हे. किलोच्या भावात हा फरक पटकन लक्षात येत नाही. बोलताना "त्रिएउ" म्हणजे दहा लाख आणि "ती" म्हणजे शंभर कोटी. शंभर कोटी डोंग म्हणजे आपले तेहतीस लाखांच्या आसपास. ठरलेला प्रत्येक आकडा कागदावर लिहा, अक्षरी लिहा, चलन लिहा आणि कागद त्यांच्यापुढे सरकवा. ते दुरुस्त करतील तर तिथेच करू दे.

तपासा, उठण्याआधी: भाव आणि चलन, नग किंवा वजन, तारीख, पैसे कसे आणि केव्हा, सही कोणाची. पाचही मुद्दे एका पानावर, फोटो काढून झालोवर लगेच त्यांना.

## टप्पा ९: जेवण

जेवणाला नेतीलच, आणि खरं बोलणं तिथे होतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा, टेबलावर बसून नव्हे. शब्द आहे "आन चाय", म्हणजे शाकाहारी जेवण. त्याचा चहाशी संबंध नाही. नुसतं "नो मीट" म्हणालात तर मासे येतात, कोळंबी येते. "भाजी" म्हणून आलेल्या पालेभाजीतही न्यूक माम, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, असू शकतं. चायची स्वतंत्र उपाहारगृहं शहरांत मिळतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक बौद्ध लोक स्वतःच चाय खातात, त्यामुळे ही कल्पना त्यांना नवी नाही, फक्त सांगायची खोटी.

काड्या भातात उभ्या रोवू नका, ते मृतांपुढच्या उदबत्तीसारखं दिसतं. ग्लास टेकवताना मोठ्या माणसाच्या ग्लासापेक्षा आपला थोडा खाली. "मोत, हाय, बा, यो!" ऐकू आलं की सगळे एकदम उचलतात. "त्राम फान त्राम" म्हणजे शंभर टक्के, ग्लास रिकामा करा. पीत नसाल तर पहिल्याच फेरीला सांगा आणि सोड्याचा ग्लास उचला, कोणी मनावर घेत नाही. दोन ग्लास पिऊन तिसऱ्याला नाही म्हटलंत तर मात्र घेतात.

नळाचं पाणी पिऊ नका. पोलीस ११३, अग्निशमन ११४, रुग्णवाहिका ११५. भारताचा दूतावास हनोईत आहे, महावाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत. दोन्हींचे नंबर कागदावरही लिहून ठेवा.

## टप्पा १०: परत आल्यावरचे ४८ तास

थर्मल कागदावरची बिलं महिन्याभरात कोरी होतात. रोज रात्री फोटो काढा. कंपनीला दाखवायला हॉटेलचं रीतसर बिल हवं असेल, तर चेक-आउटच्या आदल्या दिवशी कंपनीचं नाव-पत्ता लिहून द्या. ते ई-मेलवर येतं; निघताना मागितलंत तर गाडी सुटते.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत त्या पाच मुद्द्यांचा ई-मेल करा, इंग्रजीत आणि व्हिएतनामीत, आणि "बरोबर आहे" असं उत्तर मागा. त्यानंतर येणाऱ्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरच्या (मालाआधी येणाऱ्या कच्च्या बिलावरच्या) बँक खात्याचं नाव टप्पा २ मध्ये पोर्टलवर बघितलेल्या नावाशी ताडा. खातं बदलल्याचा ई-मेल आला, तर पैसे थांबवा आणि ज्या माणसाशी तुम्ही प्रत्यक्ष हात मिळवलात त्याला झालोवर व्हिडिओ कॉल लावून विचारा. साडेअकरा ते दीड सोडून.